काळ्या लोकरीची एक ओळ

वैजयंतीबाई दुकानाची पायरी चढताना दिसल्या तशी चनमल्लप्पानं चहाची बशी बाजूला सारली. सोलापुरात लोकर विकणं हा तसा निवांत धंदा. थंडी आली आली म्हणेपर्यंत जाते, ट्रंकेतले स्वेटर उन्हात टाकावेत तर ते तिथंच तापायला लागतात. नवी पेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात सुया-लोकर न्यायला येणाऱ्या बायका ठरलेल्या. त्यात वैजयंतीबाई सगळ्यात जुन्या, आणि यंदाच्या हिवाळ्यात सगळ्यात छळवादी.

"ताई, आता काळापण परत आणलाव काय?"

"परत कशाला आणू? दुसरा दाखवा म्हणतीय."

"काळ्यात दुसरा काय असतंय हो? काळा म्हणजे काळाच की."

"हितं दिव्याखाली काळा दिसतोय. घरी गच्चीवर नेला की निळी झाक मारतोय. तुमी कधी उन्हात धरून बघितलाय?"

चनमल्लप्पानं कधी बघितला नव्हता. त्यानं निमूटपणे खोकं खाली काढलं. बाईंनी एकेक गोळा उचलला, दाबला, गालावर फिरवला, दाराशी नेऊन उजेडात धरला. एक फारच चमकत होता. एकाचा धागा सुईच्या टोकाला फुटत होता. एक सगळ्या बाबतीत बरा होता, म्हणून बाईंना त्याचाच संशय आला. शेवटी त्यांनी जो गोळा पिशवीत टाकला तो मागच्या आठवड्यात त्यांनीच परत केलेला होता. चनमल्लप्पानं ओळखला, पण बोलला नाही. त्याला दुकान चालवायचं होतं.

एरवी बाई अशा नाहीत हो. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीत त्यांच्या हातचं टोपडं न घातलेलं बाळ शोधून सापडायचं नाही. कुणाचं बारसं असो, कुणाचा मुलगा होस्टेलला निघालेला असो, बायका मोबाईलवरचं चित्र घेऊन यायच्या, ताई, असं होईल का म्हणून. बाई एक नजर टाकायच्या आणि लोकर किती लागेल, सुई कुठली घ्यायची, तिथल्या तिथं सांगून मोकळ्या व्हायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं तेही दरवर्षी स्वतःच्या हातचं. यंदाच्या मोबाईलच्या पिशव्या तर दिवाळी सरताच विणून कपाटात पडल्या होत्या. दुसऱ्याचं करताना हात कधी अडला नाही. आता स्वतःच्या नातीचं करायचं म्हटल्यावर मात्र घोडं अडलं होतं.

त्या नातीला बाईंनी अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. खरं दुखणं ते.

उत्कर्षा ही त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात असताना तिनं जोतिरामशी लग्न ठरवलं. मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावरचं गाव, आईबाप मेंढरं राखणारे, मुलगा शिकला आणि तालुक्याला शेतीच्या औषधांचं दुकान घालून बसला. मुलात खोट काढायला जागा नव्हती. पण आबासाहेबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, "आपल्यातला न्हाई" एवढे दोन शब्द काढले आणि तोंड मिटलं ते मिटलंच. श्रीपूरच्या साखर कारखान्यात जन्म काढलेला माणूस. गाळप बंद पडलं तरी आवाज न चढवणारा. असल्या माणसाचा राग घालवायचा कसा, तो दिसतच नाही. लग्न नोंदणी करून झालं. आबासाहेब गेले नाहीत, म्हणून बाईही गेल्या नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही तिकडंच झालं. लेकीशी बोलायचं ते गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरीच्या आडोशाला उभं राहून. नात बघितली ती मोबाईलच्या काचेतून. कागदोपत्री तिचं नाव मायरा. तिकडची आजी तिला मायाक्का म्हणते.

आणि मग त्या दिवशी उत्कर्षा फोनवर म्हणाली, "आई, मायराची पहिली संक्रांत आहे. मला बोरन्हाण करायचंय. इकडं कुणी करत नाही, पण लहानपणी तू माझं केलेलंस ना, फोटो आहे बघ. काळं झबलं आजोळचं असतं. घेऊन येशील?"

घेऊन ये म्हणाली. बाईंचा जीव त्या दिवसापासून थाऱ्यावर नव्हता. हे झबलं मनासारखं झालं तर ते दार उघडणार होतं, आणि नाही झालं तर पुन्हा कोण बोलावतंय? स्वयंपाक करताना, देवाला फूल वाहताना, भाजीवालीशी घासाघीस करताना डोक्यात टाके. मोबाईलवर नमुने बघून बघून डोळे लाल व्हायचे. एकदा झालरीचं ठरवलं, मग झालर बाळाच्या हनुवटीला टोचेल म्हणून मोडलं. एकदा पानांची जाळी घातली, मग जाळीतून वारं लागेल म्हणून उसवलं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी बोटं पांघरुणावर चालतच.

त्यात भर घातली ती जोतिरामनं आणलेल्या पिशवीनं.

तो सोलापूरला माल न्यायला आला होता. फाटकाशी गाडी लावून उभा राहिला. ओसरीत आबासाहेब पेपर वाचत बसलेले, म्हणून आत आला नाही. आबासाहेबांनीही पेपर खाली घेतला नाही. बाई चपला न घालताच फाटकापर्यंत गेल्या.

"आईनं दिलंय," जोतिराम म्हणाला आणि कापडी पिशवी पुढं केली. "आमच्या मेंढरांची लोकर हाय. आईनं स्वतः कातलीय. पोरीच्या झबल्यात हिची एक तरी ओळ घाला म्हणलीय. सगळं न्हाई, एक ओळ."

"आत या की," बाई म्हणाल्या. पण आवाज असा काढला की ओसरीपर्यंत जाऊ नये, आणि ते त्यालाही कळलं.

"येतो परत कधीतरी," म्हणून त्यानं गाडी वळवली.

बाईंनी पिशवीत हात घातला. आत लोकरीची मोठी लडी होती. रंग खरा काळा. चनमल्लप्पाच्या सगळ्या गोळ्यांनी मान खाली घालावी असा, मातकट नाही की निळसर नाही. पण धागा कुठं जाड, कुठं बारीक, हाताला खरखरीत. आणि वास. ओल्या मेंढराचा, धुराचा, माळावरच्या गवताचा, सगळा एकत्र. बाईंनी ती लडी नाकापासून लांब धरली. मुद्दाम धरली असं नाही, हात आपोआप लांब गेला. मग त्यांनी ती स्वयंपाकघरातून न नेता बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर नेली आणि दोरीवर टाकली.

चार उन्हं दिली तरी वास जाईना. कोमट पाण्यातून, रिठ्याच्या फेसातून काढली, तरी वास आहे तिथंच. तेवढ्यापुरता दबायचा, आणि उन्हात वाळली की पुन्हा उभा. कॉलनीतल्या बाळांना पावडरीच्या वासाची लोकर विणून देणाऱ्या बाईंना कळेना, ही तान्ह्या अंगाला कशी लावायची. आणि नाही लावायची तर व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. झबलं दुकानच्या मऊ लोकरीचं, आणि खाली घेराला, अंगाला लागणार नाही अशी, जोतिरामच्या आईच्या, म्हणजे केराबाईंच्या लोकरीची पट्टी. एक ओळ म्हणाल्या होत्या, बाईंनी चांगली बोटभर रुंदीची पट्टी घेतली. सुई जाड लावली तशी ती लोकर अशी काही बसली की बाई स्वतःच बघत राहिल्या. दुकानच्या काळ्याला तिच्या शेजारी बसायची लाज वाटावी.

झबलं पुरं झालं त्या दुपारी त्या ओसरीत बसून शेवटचा धागा आत ओवत होत्या. आबासाहेब जेवून बाहेर आले, खुर्चीत बसले, आणि नाक आक्रसून म्हणाले, "घरात मेंढरं आणलीस काय?"

एवढंच. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला की वास खरंच येत होता.

दुसऱ्याच दिवशी शेजारची रत्नम्मा तिळाचे लाडू द्यायला आली. तिच्या घरचे यंत्रमाग, माहेर-सासर दोन्हीकडं तेलुगू, पण गप्पांना मराठीच. तिनं झबलं उचललं, वरखाली बघितलं, कौतुक केलं आणि मग तिचा चेहरा पडला.

"ताई, यंदा काळं कशाला केलाव? यंदाची संक्रांत काळंच नेसून आलीया म्हणतेत. पंचांगात हाय. संक्रांत जे नेसती ते आपण घालायचं नसतंय. आमच्या गल्लीत तर कुणीच काळी साडी काढली न्हाई."

आता हे काही रत्नम्माच्या मनचं नव्हतं. दरवर्षी संक्रांत कशावर बसून आली, काय नेसून आली, हे पंचांग सांगतं, आणि ज्या रंगाचं नेसून आली तो रंग बायका वर्षभर टाळतात. पिवळं असलं की पिवळं, हिरवं असलं की हिरवं. पण संक्रांत म्हणजेच काळं, आणि यंदा काळ्यावरच संक्रांत, असा पेच कधीतरीच पडतो. बाईंनी चष्मा लावून पंचांग बघितलं. खरंच होतं. मोबाईलवर बघितलं, तिथंही एक जण ओरडून तेच सांगत होता. पहिल्या वर्षाचं लेकरू, त्याच्या अंगावर आपल्या हातानं संक्रांत घालायची?

पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली, आणि ती बाईंनी चटकन झाकून टाकली. त्यांना हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. आता ती पट्टी लावायला नको, आणि नाही लावली म्हणून कुणी बोलायला नको.

त्यांनी कात्रीनं शेवटची गाठ तोडली आणि सबंध झबलं उसवलं. धागा सरसर सुटत गेला. आबासाहेब पेपराच्या कडेवरून बघत होते. "आता काय झालं?" त्यांनी विचारलं. बाई सुटलेला धागा गुंडाळत राहिल्या.

चनमल्लप्पाकडून लाल लोकर आली. डाळिंबी लाल, रेशमासारखी मऊ. बाईंनी भोगीची भाजी, भाकरी, हळदीकुंकू, सगळं सांभाळून ते झबलं मार्गी लावलं. छान झालं होतं. दुकानात टांगावं इतकं छान. पण एरवी काम संपलं की बाईंना जी शांतता वाटायची ती काही आली नाही. झबलं पिशवीत घालायचं, काढायचं, परत घडी करायची. केराबाईंच्या लोकरीचा गोळा करून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. दुसऱ्याची वस्तू, परत दिलेली बरी. कपाटात बाकीच्या लोकरीला वास लागू नये म्हणून पिशवीत डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

"मी रविवारी मंगळवेढ्याला जाणार हाय," त्यांनी सांगून टाकलं.

आबासाहेबांनी पेपराचं पान उलटलं. "रविवारी एसटीला गर्दी असती," ते म्हणाले. जा नाही, जाऊ नको नाही. हा माणूस असाच.

गर्दी होतीच. बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून खिडकीशी बसल्या. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, आणि एरवी त्यांनी शेजारणीशी हुरड्याच्या गप्पा काढल्या असत्या. आज त्यांच्या मनात एकच चाललं होतं. दारात पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? इतकी वाक्यं जुळवली आणि मोडली की मंगळवेढा आलं तेव्हा एकही शिल्लक नव्हतं.

जोतिराम स्टँडवर आला होता. गाडीवर मागं बसून माळावरच्या घरी पोचल्या तर दारात केराबाई, कडेवर पोर. बाईंना काही बोलावंच लागलं नाही. केराबाईंनी पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि पोर सरळ त्यांच्या हातात दिली. "घ्या तुमची मायाक्का. लई वाट बघाय लावली तिनं तुमास्नी." मायाक्का वजनाला चांगली भरीव होती. तिनं बाईंच्या नाकाकडं टक लावून बघितलं आणि चष्मा ओढला. बाई हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. लांब गोठ्यापाशी बसलेले सिद्धाप्पा, केराबाईंचे मालक, मान दुसरीकडं वळवून बसले. बाईमाणसाला मोकळं रडू द्यावं म्हणून असेल.

उत्कर्षा आतून आली. जरा वाळली होती. तिनं आईला मिठी मारली, पण लगेच सोडली आणि पिशवीकडं बघितलं. लहानपणी गावाहून बाप आला की बघायची तसं.

सगळ्या आत येऊन बसल्या तशी ती म्हणाली, "दाखव की."

बाईंनी लाल झबलं काढलं. उत्कर्षानं ते दोन्ही हातांनी उंच धरलं. "लाल?" म्हणाली. मग तिनं ते उलटं केलं. घेर बघितला, बाह्यांच्या आत बघितलं, गळ्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. आई लोकर कुठं लपवते हे विणकाम करणारणीच्या लेकीला माहीत असतं. तिनं सगळं झबलं चाचपलं आणि मग ते घडी करून ठेवलं.

"आई, आत्तींच्या लोकरीची एक ओळपण नाही?" सासूला ती आत्ती म्हणायची.

"अगं, यंदा संक्रांत काळ्यावर आलीय. पंचांगात हाय. पहिल्या वर्षाचं लेकरू..."

"मग लोकर कुठंय?"

बाईंनी प्लास्टिकची पिशवी काढली. काढताना त्यांना वाटलं, काढू नये. पण हात पुढं गेलेला होता. उत्कर्षानं गाठ सोडली. डांबराच्या गोळ्यांचा वास भस्सकन खोलीभर झाला. एक गोळी जमिनीवर पडून गडगडत चुलीपर्यंत गेली. केराबाई चुलीपाशीच बसल्या होत्या. त्यांनी ती उचलली, वास घेतला आणि कोनाड्यात ठेवली.

उत्कर्षाचा आवाज चढला नाही. तो बापावर गेला होता. "ही आत्तींनी दिवाळीपासून कातलीय. सगळ्या कळपात जे सगळ्यात मऊ कोकरू होतं त्याची. आई, खरं सांग. संक्रांतीचं मला सांगू नकोस. वास येतो म्हणून ना?"

बाहेर कुठंतरी कोकरू ओरडत होतं. वैजयंतीबाईंनी तोंड उघडलं. नाही म्हणायला फार सोपं होतं. पंचांग खरं होतं, रत्नम्मा खरी होती, भीतीही खरी होती. पण मांडीवर ती पोर बसली होती, तिच्या डोक्याला, फ्रॉकला, मुठीतल्या चिंधीला तोच वास येत होता. ओल्या मेंढराचा, धुराचा, गवताचा. बाईंनी मघाशी तिचे मुके घेतले तेव्हा तो त्यांना जाणवलासुद्धा नव्हता.

"आला वास," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच आला. लडी मी गच्चीवर टाकली. घरात नेली न्हाई." केराबाईंकडं बघायचं त्यांच्या जिवावर आलं, पण त्यांनी बघितलं. "तरी घातली होती ओ, चांगली बोटभर पट्टी घातली होती. लई देखणी दिसत होती. मग संक्रांतीचं कळलं. भ्यायले मी, खोटं न्हाई. पण बरं बी वाटलं मला. निमित्त सापडलं म्हणून बरं वाटलं."

उत्कर्षा उठून बाहेर गेली आणि अंगणात पाट, परडी असलं काहीतरी उगाच इकडचं तिकडं करू लागली.

केराबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मी नवी नवरी होऊन आले तवा मला बी यायचा," त्या म्हणाल्या. "माजं माहेर शेतकऱ्याचं. पहिल्या महिन्यात मी जेवायचे न्हाई नीट. सासूला कुटं सांगती?" मग म्हणाल्या, "संक्रांतीचं मला बी कळलं हुतं. मळ्यातल्या बाया बोलत हुत्या. जिवाला लागलं खरं. पर ताई, आमची मेंढरं काळीच हायती. संक्रांत काळ्यावर आली म्हणून त्यांला कुटं सोडायचं?"

वैजयंतीबाईंची भीती गेली असं नाही. ती होतीच, आहे तिथं. पण लेक अंगणात पाठमोरी उभी होती, आणि ती पाठ बाईंना पंचांगापेक्षा जास्त भिववत होती.

त्यांनी पर्समधून सुया काढल्या. सुया काय, त्यांच्या पर्समध्ये पाकीट नसलं तरी सुया असतात. पोरीला मांडीवरून उतरवून घोंगडीवर ठेवलं, तिच्या डोक्याभोवती धागा धरून माप घेतलं आणि अंगणात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, भिंतीला टेकून बसल्या. बोरन्हाण संध्याकाळी होतं. झबलं होणार नव्हतं, पण टोपडं होण्यासारखं होतं. जाड धागा, जाड सुई, भराभर वाढणारी वीण. तरी पहिल्या ओळी त्यांनी उसवल्या आणि पुन्हा घातल्या.

शेजारपाजारच्या बाया यायला लागल्या. सोलापूरची आजी भर समारंभाच्या दिवशी विणत काय बसलीय, म्हणून एकमेकींकडं बघू लागल्या. बाईंनी मान वर केली नाही. पोर रांगत यायची, गोळा ओढायची, तोंडात घालायची, केराबाई तिला उचलून न्यायच्या, ती परत यायची. उन्हात बसून धागा बोटांवरून जाऊ लागला तसा त्याचा खरखरीतपणाही हाताच्या सवयीचा झाला. वास मात्र होता तसाच राहिला.

दिवस कलला तेव्हा उत्कर्षा जवळ आली. उभीच राहिली.

"टाळूवर नीट बसेल का?"

"घालून बघ की," बाई म्हणाल्या आणि टोपडं पुढं केलं.

पोरीला लाल झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले. नव्या झबल्यात ती जी रडायला लागली ती थांबेना. अनोळखी कापड, अनोळखी वास, सभोवार बायांचा गराडा. हलव्याचा हार तिनं ओढून तोडला. मग उत्कर्षानं काळं टोपडं डोक्यावर चढवलं आणि बंद बांधले. पोरीनं बंदाचं टोक पकडून तोंडात घातलं, चोखलं, आणि हुंदका देत देत गप्प झाली. तिला घरातलं काहीतरी सापडलं होतं.

केराबाईंनी आणि वैजयंतीबाईंनी मिळून मापटं धरलं. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे त्या काळ्या टोपड्यावरून घरंगळत खाली आले आणि पोरंटोरं तुटून पडली. वैजयंतीबाई मनातल्या मनात ग्रामदैवतापासून कुलदैवतापर्यंत सगळ्यांची नावं घेत होत्या. शेजारी केराबाईंचेही ओठ हलत होते.

निघताना उत्कर्षानं तिळगुळाची पुडी हातात दिली. "बाबांना दे," म्हणाली. लेकीच्या तोंडून तो शब्द किती महिन्यांनी निघाला ते बाईंनी मोजलं नाही. आणखी काही बोलेल म्हणून थांबल्या. उत्कर्षानं फक्त त्यांच्या पदराला चिकटलेली काळी लव काढली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. खाली घरातून कर, गच्चीवरून नको."

सोलापुरात उतरल्या तेव्हा रात्र झाली होती. आबासाहेब ओसरीत बसले होते. एरवी या वेळी ते आत बातम्या बघत बसतात. बाईंनी चपला काढल्या, पुडी उघडली आणि त्यांच्यासमोर धरली.

"तिळगूळ. उत्कर्षानं दिलाय." त्या घरात ते नाव असं मोठ्यानं घेतलेलं खुर्च्यांनासुद्धा आठवत नसेल.

आबासाहेबांनी हात पुढं केला, थांबवला, आणि मग एक वडी उचलली. तोंडाकडं नेताना त्यांचं नाक आक्रसलं. "मेंढरांचा वास येतोय," ते म्हणाले. "हात धुऊन तरी यायचंस."

"मेंढरांचा न्हाई तो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या नातीचा हाय."

त्या तिथंच खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. आबासाहेबांनी वडी तोंडात टाकली नाही. ती त्यांनी डाव्या हातात घेतली. मग त्यांनी, बाई बघताहेत हे माहीत असूनही, बायकोचा हात मनगटाशी धरला आणि हळूच नाकापाशी नेला.